फेरेट: बिळातला शिकारी घरात येतो तेव्हा

लांबट देह, आखूड पाय, टोकदार तोंड. फेरेट पाहिला की आपल्याला पटकन मुंगूस आठवतं. नातं मात्र तसं नाही. मुंगूस मांजर-तरसांच्या शाखेतलं, तर फेरेट पाणमांजर, बॅजर आणि मिंक यांच्या कुळातला. पाळीव प्राण्यांच्या दुकानात त्याला हॅमस्टर आणि सशाशेजारी मांडतात, तेव्हा गैरसमज आणखी वाढतो. फेरेट कुरतडणारा प्राणी नाही, तो निव्वळ मांसाहारी आहे. शेजारच्या पिंजऱ्यातला ससा त्याच्या दृष्टीने भक्ष्य.

सशासाठीच तर माणसाने त्याला पाळलं. युरोपीय पोलकॅट हा रानटी प्राणी त्याचा पूर्वज आणि माणसाशी त्याची संगत साधारण २,००० वर्षांपेक्षा जुनी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने असे प्राणी तोंडाला मुसकं बांधून सशांच्या बिळात सोडत असल्याची नोंद केली आहे. आजही ही शिकार तशीच चालते: बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, फेरेट आत सोडायचा, ससे घाबरून बाहेर पळतात आणि जाळ्यात अडकतात. कधीकधी फेरेट आतच ससा मारतो, पोटभर खातो आणि तिथेच झोपतो. मग मालकाला खणत बसावं लागतं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'फ्युरो'चं मूळ 'चोर' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. किल्ल्या आणि मोजे सोफ्याखाली साठवणारा फेरेट घरात असला की हे नाव पटतं.

घरात तो जे काही करतो, ते या बिळाकडूनच आलेलं आहे. पाठीचा कणा इतका लवचिक की डोकं शिरलं तिथून बहुधा सगळं अंग जातं. म्हणून पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फ्रिजमागची फट, वॉशिंग मशीनचा तळ आणि मागे कलणारी खुर्ची या जागा आधी बंद कराव्यात. कलत्या खुर्चीच्या यंत्रणेत चिरडून फेरेट मरतात.

दुसरा धोका रबराचा. मऊ रबर, फोम, इअरफोनची टोकं, चपलेचा तळ हे सगळं त्याला चावून गिळायला आवडतं आणि अरुंद आतड्यात ते अडकतं. खाणं बंद होणं, दात करकर वाजवणं, उलटी, काळी चिकट विष्ठा अशी लक्षणं दिसली तर सकाळपर्यंत थांबू नये.

त्याचं आतडं आखूड आहे आणि अंधांत्र (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी) नाहीच. अन्न तोंडातून विष्ठेपर्यंत ३ ते ४ तासांत पोचतं. इतक्या वेळात धान्य आणि भाजीपाला नीट पचत नाही. तयार खाद्य घेताना प्राणिज प्रथिनं किमान ३५ टक्के, चरबी १५ ते २० टक्के आणि तंतू ३ टक्क्यांच्या आत आहेत का, ते पाहावं. कुत्र्याचं खाद्य चालत नाही. नुसतं हाडाशिवायचं मांसही पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम कमी पडतं. खाणं दिवसभर समोर असावं, तो थोडं थोडं अनेकदा खातो. फेरेट कोणता पदार्थ 'अन्न' मानायचा हे पहिल्या काही महिन्यांत वासावरून ठरवतो, त्यामुळे पिल्लाला लहानपणीच दोन-तीन प्रकारांची सवय लावावी. मोठेपणी नवं खाद्य द्यायचं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत जावं. मनुका आणि गोड खाऊ देऊ नये. तीन-चार वर्षांपुढे फेरेटमध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन ओतणारी गाठ वारंवार आढळते. रक्तातली साखर घसरते, मागचे पाय लुळे पडतात, तोंडातून लाळ गळते, नजर शून्यात लागते. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध चोळून पशुवैद्य गाठावा.

वासाबद्दल बोलायलाच हवं. शेपटीखालच्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या की वास जातो, ही समजूत चुकीची. त्या ग्रंथींचा भपकारा घाबरल्यावरचा, काही मिनिटांत ओसरणारा. कायमचा उग्र दर्प त्वचेतल्या तेलग्रंथींचा असतो. रोज आंघोळ घातली की त्वचा कोरडी पडते, ती भरून काढायला जास्त तेल सुटतं आणि वास वाढतो. आठवड्याला अंथरूण धुण्याचा उपयोग त्याहून जास्त.

मादीचा प्रश्न सगळ्यांत गंभीर. तिच्यात समागमाशिवाय बीज सुटत नाही. दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येते आणि नर न मिळाल्यास महिनोन्‌महिने तशीच राहते. तोपर्यंत रक्तात इस्ट्रोजेन चढलेलं असतं. ते अस्थिमज्जा दाबून टाकतं, नव्या रक्तपेशी बनणं थांबतं, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि मादी मरूही शकते. मग लहानपणीच नसबंदी करावी, असं वाटेल. पण तिथेही पेच आहे. जननग्रंथी काढल्यावर मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांना लगाम राहत नाही. ती मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीला सतत डिवचत राहतात आणि पुढे तिथे गाठ होते. शेपटीच्या मुळापासून केस गळू लागणं ही त्याची पहिली खूण. नर-मादी दोघांनाही हे होतं. म्हणूनच त्वचेखाली बसवण्याचं डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट आज अनेक पशुवैद्य पसंत करतात. ते हा संदेशच वरून थांबवतं, मात्र असर संपला की पुन्हा बसवावं लागतं.

उष्णता त्याला झेपत नाही. घामाच्या ग्रंथी जवळजवळ निकामी असल्याने पारा ३० अंशांपुढे गेला की उष्माघात होऊ शकतो. धापा टाकत आडवा पडलेला दिसला तर साध्या थंड पाण्याने पाय आणि पोट ओलं करावं. बर्फाचं पाणी नको, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते.

नवख्याला मात्र भलत्याच गोष्टींची धास्ती वाटते. फेरेट दिवसाला १४ ते १८ तास झोपतो, कधी इतका गाढ की हलवूनही जागा होत नाही; हिरड्या गुलाबी आणि श्वास संथ असेल तर काळजी नको. पाठ कमानीसारखी वाकवून, तोंड उघडं ठेवून, कोंबडीसारखा कुकुकु आवाज करत तो भिंतींवर आदळत उड्या मारू लागला, तर ते खेळाचं आमंत्रण समजावं.

कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार त्याला झाला तर वाचणं जवळपास अशक्य, तेव्हा लस चुकवू नये. माणसाचा फ्लूही त्याला लागतो. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या घशातला स्राव फेरेटच्या नाकात घालूनच फ्लूचा विषाणू पकडला. पुढे एक आजारी फेरेट स्मिथ यांचे सहकारी स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंकला आणि तेच फ्लूने आडवे झाले. हा संसर्ग दोन्ही दिशांनी चालतो, म्हणून घरात कुणाला फ्लू असेल तर फेरेटला दाणापाणी दुसऱ्याने द्यावं, निदान मास्क लावून.