जॉनी कॅशने तुरुंगवास भोगलाच नव्हता

'जॉनी कॅश खून करून फोल्समच्या तुरुंगात गेला आणि तिथेच त्याने फोल्सम प्रिझन ब्लूज हे गाणं लिहिलं,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. अर्कान्सासमधल्या डायस इथे कापूस वेचत वाढलेला हा गायक १९५० ते १९५४ अमेरिकी हवाई दलात होता. जर्मनीतल्या लँड्सबर्गच्या तळावर असताना त्याने फोल्समवरचा एक चित्रपट पाहिला आणि 'फोल्सम प्रिझन ब्लूज' लिहिलं. चाल मात्र संगीतकार गॉर्डन जेन्किन्सच्या गाण्यावरून उचललेली. पुढे त्याचे पैसे मोजावे लागले. शिवाय गाण्यातला खून रेनोत, म्हणजे नेव्हाडा राज्यात होतो, आणि फोल्समचा तुरुंग आहे दुसऱ्याच राज्यात, कॅलिफोर्नियात!

अटक झाली होती, हे खरं. १९६५ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला त्याच्याकडे नशेच्या हजारावर गोळ्या सापडल्या, पण शिक्षा स्थगित झाली. कोठडीतल्या काही रात्री, एवढंच.

गैरसमज पक्का केला तो १३ जानेवारी १९६८ च्या फोल्सममधल्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डने. खुनाच्या ओळीवर ऐकू येणारा कैद्यांचा जल्लोष नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. पहारेकऱ्यांसमोर कैदी जपूनच होते.

खरी दाद द्यायची तर त्याच्या गिटारला द्यावी. सुरुवातीला सोबत ड्रमवादक नव्हता. 'आय वॉक द लाइन'साठी त्याने कागदाची घडी तारांमधून ओवली, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. तारांचा स्वर दबतो आणि हात फिरला की स्नेअर ड्रमसारखी कोरडी 'छक्-छक्' उमटते.