लय आधी, सूर नंतर: टॉम आणि जेरीमधला बारा फ्रेमचा हिशेब

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक छोटी चित्रफीत फिरून येते. टॉम आणि जेरी रेल्वेच्या रुळांवर मान खाली घालून बसलेत, दुरून गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि खाली मजकूर असतो: 'हा शेवटचा भाग, टीव्हीवर कधीच दाखवला नाही.' दृश्य खरं आहे, मजकूर खोटा. हा लघुपट 'ब्लू कॅट ब्लूज', नोव्हेंबर १९५६ चा. त्याच्यानंतर त्याच दिग्दर्शकांचे आणखी ११ लघुपट थिएटरांत लागले आणि त्यांतला शेवटचा, 'टॉट वॉचर्स', ऑगस्ट १९५८ मध्ये आला. मालिका बंद पडण्याचं खरं कारण हिशेबाच्या वहीत होतं, ते पुढे येईलच.

दुसरा एक गैरसमज जास्त पसरलेला आहे, आणि तो चांगल्या जाणकारांतही आढळतो. टॉमच्या प्रत्येक पावलाला वाद्यवृंद इतका चपखल साथ देतो, म्हणजे एक तर संगीत आधी वाजवून त्यावर चित्रं काढली असणार, नाही तर चित्रं पुरी झाल्यावर कोणीतरी अचाट संगीतकाराने ती बघत बघत वाजवलं असणार. बहुतेक वेळा दोन्ही घडत नसे. आधी फक्त लय ठरायची. मग चित्रकार आणि संगीतकार त्या एकाच लयीवर आपापलं काम करायचे.

इतिहास थोडक्यात. १० फेब्रुवारी १९४० रोजी एमजीएम या अमेरिकी स्टुडिओचा 'पुस गेट्स द बूट' आला. त्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं, आणि तो करणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची नावं श्रेयनामावलीत नव्हती; नाव झळकलं रुडॉल्फ आयझिंग यांचं. लघुपट चालला, ऑस्करसाठी नामांकितही झाला. मालिका करायची ठरल्यावर स्टुडिओत नावं सुचवण्याची स्पर्धा झाली आणि ॲनिमेटर जॉन कार यांना 'टॉम आणि जेरी' या नावासाठी ५० डॉलर मिळाले. (याच नावाची, पण दोन माणसांची एक कार्टून मालिका १९३१ ते १९३३ या काळात न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्युरेन स्टुडिओत निघत होती, आणि बार्बेरा तिथेच कामाला होते!) १९५८ पर्यंत या दोघांचे ११४ लघुपट आले आणि त्यांतल्या ७ लघुपटांना ऑस्कर मिळालं. कामाची वाटणी साधारण अशी: गोष्ट आणि रेखाटनं बार्बेरांची, वेळेचं गणित हॅनांचं. लेखाचा विषय हे दुसरं काम आहे.

आधी मापं बघू. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम (फिल्मवरच्या चौकटी) या गतीने धावते. एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. सात मिनिटांच्या लघुपटात ६३० फूट फिल्म आणि १०,०८० फ्रेम. प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र मात्र लागत नाही. साध्या हालचालीत एक चित्र दोन फ्रेम टिकवतात. धंद्यात याला 'ऑन टूज' म्हणतात. मग सेकंदाला १२ चित्रं पुरतात. वेगवान पळापळीत किंवा कॅमेऱ्याखालची पार्श्वभूमी सरकत असताना 'ऑन वन्स', म्हणजे २४ चित्रं काढावी लागतात. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि मांजर एक फ्रेम सोडून सरकतं असं झालं, तर मांजर जमिनीवर थरथरताना दिसतं. नवख्यांची ही हमखास चूक.

सेकंदाला बाराच चित्रं असून हालचाल सलग का दिसते? शाळेत उत्तर मिळतं 'दृष्टिसातत्य': डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून. हे उत्तर अपुरं आहे. प्रतिमा नुसत्याच रेंगाळल्या असत्या, तर एकावर एक साचून राडा दिसला असता. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन स्थिर रेघा एकामागून एक दाखवल्या होत्या. मधलं अंतर ३० मिलिसेकंदांच्या आसपास असताना दोन्ही रेघा एकदमच दिसल्या, २०० च्या आसपास एकीनंतर दुसरी अशी दिसली, आणि ६० च्या आसपास एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसली. ही हालचाल मेंदू रचतो. ऑन टूजमध्ये एक चित्र ८३ मिलिसेकंद टिकतं, ऑन वन्समध्ये ४२. दोन चित्रांत मांजर थोडंच सरकलं असेल तर ८३ लाही भागतं. मोठी उडी असेल तर मेंदूला दोन टोकं जोडता येत नाहीत. मग ॲनिमेटर मधल्या फ्रेममध्ये टॉमचं लांबट फराटं काढतो, दोन नाकं आणि चार डोळे असलेलं. एरवी ते चित्र भयानक दिसतं. ४२ मिलिसेकंदांत ते नुसता वेग म्हणून पोचतं.

आता मुख्य गोष्ट, ठेका. संगीतात लय मिनिटाला इतक्या मात्रा अशी मोजतात. कार्टूनवाले ती 'एका मात्रेला किती फ्रेम' अशी मोजत. मिनिटात १,४४० फ्रेम असतात, त्यांना मात्रेच्या फ्रेमांनी भागायचं. १२ फ्रेमची मात्रा म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, साधं चालणं. १६ फ्रेमची म्हणजे ९०, चोरपावलं. ८ फ्रेमची म्हणजे १८०, पळापळ. चार मात्रांचं एक आवर्तन धरलं तर १२ च्या ठेक्यात ते ४८ फ्रेमचं होतं, म्हणजे नेमके २ सेकंद आणि ३ फूट फिल्म. इथे तबलजीचा हिशेब आणि फिल्म कापणाऱ्याची फूटपट्टी एकच होते.

१२ हा आकडा लाडका का, ते त्याला भागून बघितलं की कळतं. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो. एका मात्रेत दोन पावलं हवीत तर प्रत्येकी ६ फ्रेम, तिस्र अंगाने तीन उड्या हव्यात तर प्रत्येकी ४, चार टिचक्या हव्यात तर ३. फक्त त्या तीन फ्रेममध्ये ऑन टूज बसत नाही, तिथे एक चित्र एकाच फ्रेमचं ठेवावं लागतं. ८ चे दोन आणि चार भाग सुरेख होतात, पण तीन होत नाहीत. १० चे दोन भाग ५-५ चे, म्हणजे परत विषम. ९ घेतलं (मिनिटाला १६० मात्रा) तर मात्रेत साडेचार चित्रं येतात आणि अर्धं चित्र काढता येत नाही. संगीतकाराला मात्र याहून बारीक लय हवी असते. फिल्मला एका फ्रेमला चार छिद्रं असतात. त्यांच्या आधाराने, वादकांना लय देणारी टिकटिकीची फिल्म फ्रेमच्या आठव्या भागापर्यंत बारीक करता येई. 'बारा-तीन'चा ठेका म्हणजे १२ पूर्णांक ३/८ फ्रेमची मात्रा. अशा ठेक्यात आठ मात्रांना ९९ फ्रेम लागतात, आणि ॲनिमेटरने दर मात्रेला १२ च मोजत नेल्या तर आठव्या मात्रेअखेर तो संगीताच्या ३ फ्रेम पुढे निघून जातो. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. एवढ्यात विनोद मरतो.

उदाहरण घेऊ: दाराआड टॉम फ्राइंग पॅन उगारून उभा आहे आणि पॅन चुकून त्याच्याच डोक्यावर आदळायचा आहे, तोही समेवर. ठेका १२ चा. समेची फ्रेम आधी पक्की करायची आणि मग उलटं मोजत यायचं. आघाताआधी पॅन उचलून मागे नेण्याची तयारी ८ ते १० फ्रेम. ही चार फ्रेमपेक्षा कमी ठेवली तर काय होणार आहे हे प्रेक्षकाला कळतच नाही. नुसता आवाज येतो आणि टॉम आडवा दिसतो. मग प्रत्यक्ष फटका, २ किंवा ३ फ्रेम. इथे जास्त चित्रं घालण्याचा मोह होतो. तीनऐवजी सहा फ्रेम दिल्या की पॅन उशीसारखा अलगद टेकतो. आणि पॅन डोक्याला टेकल्याचा क्षण कित्येकदा काढतच नाहीत. एका फ्रेममध्ये पॅन वीतभर दूर, पुढच्यात चेहरा पॅनच्या आकाराचा. मधला आघात मेंदू स्वतः भरतो. मग थरथर: दोन-तीन चित्रं आलटून पालटून, ऑन वन्स, पूर्ण एक मात्रा. त्यानंतर अर्धी मात्रा स्तब्ध. ती स्तब्धता गाळली की हसायला जागा उरत नाही.

आवाज नेमका कुठे ठेवायचा? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात १४ मीटर. पडद्यापासून २८ मीटरवरच्या प्रेक्षकाला प्रत्येक फटका दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो आणि त्याचं काही बिघडत नाही, कारण निसर्गातही आवाज नेहमी मागून येतो. प्रक्षेपणाच्या मानकांत हा फरक आकड्यांत दिला आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवू लागतो, मागे मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही. म्हणून चुकायचंच असेल तर चित्र एखादी फ्रेम आधी ठेवून चुकावं.

हा सगळा हिशेब दोन कागदांवर उतरे. बार शीटवर आडव्या आवर्तनांखाली प्रसंग लिहायचे: तिसऱ्या मात्रेला दार, पहिलीला पॅन. एक्स्पोजर शीटवर उभ्या रकान्यांत प्रत्येक फ्रेमला कुठलं चित्र ते. बार शीट संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांच्याकडे जाई, एक्स्पोजर शीट ॲनिमेटरकडे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टिकटिक कानात वाजत असे, त्यामुळे पडद्याकडे न बघताही वादक समेवर येत. ठेका बांधलेला, पण सूर मोकळे. ब्रॅडलींनी याचा भरपूर फायदा घेतला. 'पुटिंग ऑन द डॉग' (१९४४) मध्ये कुत्र्याचं मुंडकं डोक्यावर घेऊन जेरी चालतो तिथे त्यांनी संगीतकार शोनबर्ग यांची, सप्तकातले बाराही सूर सारखेच मानणारी बारा सुरांची पद्धत वापरली आहे, जी ऐकायला रसिक मैफलीतही कां-कूं करतात. कार्टूनमध्ये ती सगळे हसत ऐकतात. 'द कॅट कॉन्चेर्टो'मध्ये उलटा क्रम होता. तिथे लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २ हाच विषय, म्हणून पियानो आधी आणि टॉमची बोटं नंतर.

चित्रं पुरी झाली की ती सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक कागदावर, गिरवायची. पुढून शाई, मागून रंग. कॅमेऱ्याखाली तीन-चार सेल एकावर एक येतात आणि प्रत्येक सेल थोडा प्रकाश खाते, त्यामुळे खालच्या थरातला करडा रंग वरच्यापेक्षा मळकट दिसतो. टॉम मध्येच दुसऱ्या थरावरून चौथ्यावर गेला तर त्याचा रंग टुणकन बदलतो. उपाय दोन: थरागणिक रंगाच्या वेगळ्या छटा बनवणं, किंवा कोरी सेल घालून थरांची संख्या कायम ठेवणं. टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीसाठी प्रत्येक फ्रेम काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकामागून एक तीनदा टिपत, म्हणजे सात मिनिटांसाठी ३०,२४० निगेटिव्ह फ्रेम. तीन टिपणांच्या मध्ये सेल केसभर हलली की मिशांना रंगीत कडा येत.

फ्रेमचा विषय निघालाच आहे तर 'पंचविसाव्या फ्रेम'चं सांगून टाकतो. सेकंदाला एक छुपी फ्रेम घालून प्रेक्षकांना खरेदीला लावता येतं, अशी ही समजूत. सिनेमा चालू असताना पडद्यावर निमिषभर छुपा संदेश झळकवून खरेदी वाढवता येते, हा मूळ दावा जेम्स व्हायकरी यांनी १९५७ मध्ये केला आणि १९६२ मध्ये त्यामागचा प्रयोग नावापुरता असल्याची कबुली दिली. 'मिडब्रेन' (मेंदूचा मधला भाग) जागा करण्याच्या नावाखाली मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांच्या रांगेतलंच हे प्रकरण. मुळात फिल्ममध्ये एक फ्रेम वाढवली तर सिनेमा सेकंदाच्या चोविसाव्या भागाने लांबतो, एवढंच.

त्याच १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग गुंडाळला. जुने लघुपट पुन्हा थिएटरात लावले तरी जवळपास नव्याइतकी कमाई होते, मग नव्यावर हजारो डॉलर कशाला, हा सरळ हिशेब. हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे धड स्थिर ठेवून फक्त तोंड आणि पापण्या हलवण्याची काटकसर आली आणि फटक्याच्या फ्रेमांऐवजी संवाद आले. टॉम आणि जेरी पुढे जीन डाइच यांनी प्रागमध्ये केले (१९६१-६२, १३ लघुपट). एका लघुपटाला सुमारे १०,००० डॉलर मिळत, आणि तिथल्या चित्रकारांनी मूळ लघुपट जेमतेम मोजके पाहिले होते. त्यांतले आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात आणि हालचालीत तयारीच्या फ्रेम कमी पडतात. विचित्र वाटतात ते यामुळे. नंतरचे ३४ चक जोन्स यांचे: चेहरे देखणे, पळापळ कमी.

हे घरी मोजून बघता येतं. व्हीएलसीमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. आधी एक आघात पकडा, पुढच्या आघातापर्यंत फ्रेम मोजा आणि १,४४० ला त्या आकड्याने भागा. चालण्याच्या दृश्यात १२ किंवा १६ च्या आसपास आकडा यावा. मात्र प्रत कुठली ते बघा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीसाठी फिल्म सेकंदाला २५ फ्रेमने पळवून प्रत काढली असेल, तर मोजणी बरोबर येते, पण सात मिनिटांचा लघुपट ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो, १२० ची लय १२५ होते आणि सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे सात दशांशांनी चढतात. अमेरिकी टेपवरून काढलेल्या प्रतीत सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम असतात, आणि दर पाच फ्रेमपैकी दोनांत शेजारच्या दोन चित्रांची पट्ट्यापट्ट्यांनी सरमिसळ झालेली दिसते. तिथे पाचाच्या चार धरून मोजा.