बी ट्वेल्व्ह दंडात घ्यायचं की ड्रिपमधून? आधी मागची गोष्ट बघू

ठाण्याचा घोडबंदर रोड घ्या नाहीतर नवी मुंबईतलं वाशी-सीवूड्स, हल्ली स्किन क्लिनिकच्या बाहेर बोर्ड लागलेले असतात, एनर्जी ड्रिप, इम्युनिटी ड्रिप, ग्लो ड्रिप, आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत बी ट्वेल्व्ह असतं. हेच बी ट्वेल्व्ह फॅमिली डॉक्टर लाल रंगाच्या अँप्यूलमधून, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीतून, वर्षानुवर्षं दंडात नाहीतर कमरेत देत आलेत, आणि दोन्हीच्या रेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. मग लोक धरूनच चालतात की एवढं महाग आहे, थेट शिरेतून जातंय, म्हणजे जास्त लागू पडणार. बी ट्वेल्व्हच्या बाबतीत तरी मामला उलटा आहे.

शंभर वर्षांपूर्वी पर्निशस ॲनिमिया, म्हणजे बी ट्वेल्व्ह अंगी न लागल्याने होणारा ॲनिमिया, झाला की माणूस हळूहळू पिवळा पडत जायचा आणि जायचाच. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी अशा पेशंटना रोज जवळपास पाव किलो लिव्हर खायला घालून उभं केलं, तेही जेमतेम शिजवलेलं. आपल्याकडची कलेजी फ्राय आवडीने हाणणारी मंडळीसुद्धा हे रोज खाणार नाहीत. १९३४ मध्ये याला नोबेल मिळालं. त्याच काळात कॅसल नावाच्या डॉक्टरने दाखवलं की निरोगी पोटात एक घटक तयार होतो, तो नसेल तर खाल्लेलं औषध आतड्यातून रक्तात पोचतच नाही. इथे सुईची गरज पडली, म्हणजे पोटाला वळसा घालायचा होता म्हणून लिव्हरचा अर्क स्नायूत टोचायला लागले, लवकर असर व्हावा म्हणून नाही.

गंमत म्हणजे तेव्हाच, १९२८ पासून, लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या ॲनिमियावर काम करत होती. तिने त्यांना मार्माइट खायला दिलं, म्हणजे यीस्टचा अर्क, आणि त्या सुधारल्या. तिथे कमी होतं ते फोलेट, म्हणजे बी गटातलंच दुसरं व्हिटॅमिन, आणि ते त्यांच्या आतड्यातून नीट शोषलं जात होतं, सो सुई लागलीच नाही.

पुढे १९४८ मध्ये लिव्हरमधला तो पदार्थ, म्हणजेच बी ट्वेल्व्ह, लाल स्फटिकांच्या रूपात वेगळा निघाला, अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडात ग्लॅक्सो या औषध कंपन्यांत, जवळजवळ एकाच वेळी. (ग्लॅक्सो म्हटल्यावर जुन्या ठाणेकरांना पोखरण रोडची फॅक्टरी आठवणारच, ती जागा आता बिल्डरकडे गेलीय.) अँप्यूलचा लाल रंग त्या स्फटिकांचाच, वरून काही घातलेलं नसतं.

आता शिरेची बाजू. ती कॉलऱ्यातून आली, व्हिटॅमिनशी तिचा काही संबंध नव्हता. १८३१ मध्ये ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने दाखवलं की कॉलऱ्याच्या पेशंटच्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात, १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटाने ते पाणी शिरेतून परत भरलं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली. (हाच ओशॉनेसी नंतर कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं, पण तो वेगळा विषय.) म्हणजे जीव वाचवण्याइतकी घाई असेल किंवा तोंडाने काही टिकतच नसेल तर शीर. पुढे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजूनच असंख्य कॉलरा पेशंट वाचवले, म्हणजे तिथेही बऱ्याच जणांचं शिरेवाचून भागलं.

पण आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद हे डोक्यात पक्कं बसलेलं. अशक्तपणा आलाय, डॉक्टर एक बाटली लावाच. मग सिस्टर एमव्हीआयची, म्हणजे मल्टिव्हिटॅमिनची सुई बाटलीत सोडते, पांढरं पाणी बघता बघता पिवळंधमक होतं, पेशंटच्या चेहऱ्यावर तिथेच निम्मी तरतरी, आणि संध्याकाळी लघवीसुद्धा तशीच पिवळी. ग्लुकोजच्या, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, ती एका उसाच्या रसाच्या ग्लासात सहज निघेल. या सवयीवर अमेरिकेतून आलेली फॅशन बसली. बाल्टिमोरचे डॉ. जॉन मायर्स मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी आणि सी व्हिटॅमिन एकत्र करून शिरेतून द्यायचे, १९८४ मध्ये ते गेले, त्यांच्या पेशंटना पुढे डॉ. गॅबी यांनी सांभाळलं आणि २००२ मध्ये त्यावर लेख लिहिला. आजच्या बऱ्याच ड्रिप मेनूंचं मूळ तेच.

तर बी ट्वेल्व्हचं काय. स्नायूतून ते सावकाश रक्तात उतरतं, रक्तातली प्रोटीन्स जमेल तेवढं धरतात, लिव्हर साठवतं. शिरेतून एकदम लोट आला की धरायला जागा नसते, किडनी सरळ बाहेर काढते. अमेरिकेत सायनोकोबालामिनच्या, म्हणजे बी ट्वेल्व्हच्या नेहमीच्या प्रकाराच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की शिरेतून देणं टाळा, जवळपास सगळं लघवीतून जाईल. स्नायूत दिलेल्या मोठ्या डोसमधलंही बरंच वाया जातंच, पण एवढं नाही. मिथाइलकोबालामिन हा दुसरा प्रकार शिरेतूनही देतात हे खरं, पण ते नसांच्या आजारासाठी, ग्लोसाठी नव्हे. आणि सायनाइडची विषबाधा झाली तर हायड्रॉक्सोकोबालामिन हा तिसरा प्रकार ५ ग्रॅम थेट शिरेतून देतात, तिथे ते योग्यच.

व्हिटॅमिन सीची गोष्ट वेगळी, ते तोंडाने कितीही घ्या आतडं एका मर्यादेपुढे घेत नाही, शिरेतून पातळी कितीतरी पट वर जाते, ड्रिपवाल्यांचा तो मुद्दा बरोबर आहे, फक्त तेवढ्या पातळीची धडधाकट माणसाला गरज काय हे कोणी विचारत नाही. उलट व्हिटॅमिन डीचं ते सहा लाख युनिटवालं इंजेक्शन तेलात असतं, ते स्नायूतच द्यायचं, शिरेत गेलं तर जिवावर बेतेल.

आणि बी ट्वेल्व्हसाठी खूप जणांना यातलं काहीच लागत नाही. पोटातला तो घटक नसला तरी मोठ्या डोसचा साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप झिरपतो, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक मिळाले, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. स्वीडनमध्ये अशा बऱ्याच पेशंटना कित्येक दशकं गोळ्याच देतायत. हातपाय बधिर झाले असतील किंवा कमतरता फार असेल तर डॉक्टर सुरुवातीला दंडातलं इंजेक्शन देतात, आणि त्याआधी रक्ताचा रिपोर्ट बघतात, जो ड्रिपच्या खुर्चीत बसवताना सहसा मागत नाहीत.