स्थानिक एफएम नभोवाणी केंद्र (भारत)

एखादे शहर, जिल्हा किंवा गावांचा छोटा टापू एवढ्याच श्रोत्यांसाठी एफएम पद्धतीने चालवले जाणारे नभोवाणी केंद्र. भारतात त्याचे तीन प्रकार आहेत : आकाशवाणीची जिल्हा पातळीवरची केंद्रे, लिलावात वाहिनी घेतलेली खाजगी केंद्रे आणि सामुदायिक रेडिओ. यंत्रसामग्री तिघांची एकाच जातीची, लहानमोठी एवढेच. खरा फरक आहे तो माइकसमोर कोणी बसायचे आणि काय बोलायचे यात. त्यामुळे या केंद्रांचा इतिहास यंत्रांपेक्षा परवान्यांचाच जास्त आहे.

एफएम स्थानिक का, याचे उत्तर मात्र भौतिकीत आहे. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीच्या अंगाने लांबवर जातात आणि रात्री आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन आणखी दूर पोचतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या एफएम लहरी मात्र साधारण नजरेच्या रेषेत जातात. मनोरा जितका उंच तितका पल्ला जास्त, आणि मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली. घाट उतरताना गाडीतला रेडिओ एका वळणावर गप्प होतो आणि पुढच्या वळणावर मध्येच गाणे धरतो, ते यामुळे. याच्या बदल्यात आवाज स्वच्छ मिळतो. विजेच्या कडकडाटाचा उपद्रव लहरीच्या उंचीला होतो. एफएममध्ये आवाज कंप्रतेतल्या (फ्रिक्वेन्सीतल्या) बदलावर स्वार झालेला असल्याने खरखर ऐकू येत नाही. शिवाय एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली, तर रेडिओ जोरकस असेल तेच उचलतो आणि दुसऱ्याला दडपून टाकतो. पल्लाही तोकडा, म्हणूनच ९०.४ हा आकडा साताऱ्याच्या माण तालुक्यात एका केंद्राचा असतो, तेलंगणात दुसऱ्याचा, आणि दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

भारतात एफएम प्रसारण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला (आताचे चेन्नई) सुरू झाले. पण जिल्ह्याचे स्वतंत्र केंद्र ही कल्पना प्रत्यक्षात यायला आणखी सात वर्षे गेली. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला नागरकोइल येथे ३० ऑक्टोबर १९८४ रोजी आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. पुढच्या काळात अशी केंद्रे देशभर निघाली. महाराष्ट्रात अहमदनगर (आता अहिल्यानगर), बीड, धुळे, नांदेड, सातारा ही त्यांपैकी काही. मोठ्या केंद्राचा पसारा इथे नसतो. दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभांमध्ये वाटलेला असतो आणि उद्घोषणेचा बराच भार नैमित्तिक उद्घोषकांवर असतो. हे लोक एरवी शिक्षक, वकील, विद्यार्थी असतात आणि ड्युटीगणिक मानधन घेतात. बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, तालुक्यातल्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण, आणि फर्माइशीचे पोस्टकार्ड. त्या कार्डावर गाण्याचे नाव एका ओळीत असे आणि बाकीच्या जागेत आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांची नावे. गाणे तीन मिनिटांचे असले, तरी श्रोते थांबलेले असत ते नावांसाठी. स्थानिक रेडिओ म्हणजे काय हे या कार्डांइतके कोणत्याही धोरणपत्रिकेने स्पष्ट केलेले नाही.

खाजगी हातांना एफएमवर पहिला शिरकाव मिळाला १९९३ मध्ये. आकाशवाणीने मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत आपल्या वाहिनीवरचे काही तास खाजगी निर्मात्यांना विकायला काढले. १९९८ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा, पण न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे ठरवले आणि सरकारी मक्तेदारीचा पायाच काढून घेतला.

त्यानंतर पहिल्या टप्प्यात सरकारने ४० शहरांतल्या १०८ वाहिन्या लिलावात काढल्या. ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला देशातले पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. मात्र परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढण्याची अट इतकी जाचक होती, की बहुतेक वाहिन्या सुरूच झाल्या नाहीत. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के हिस्सा घेण्याचे ठरले आणि मग कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव अशा शहरांत खाजगी केंद्रे उभी राहिली. एका शहरातल्या वाहिन्यांमध्ये ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवायचे असते, ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ हे ओळखीचे आकडे त्या हिशेबातून आले आहेत. अनेक शहरांत या प्रतिस्पर्धी वाहिन्या एकाच सामायिक मनोऱ्यावरून प्रसारित होतात, ही गंमत श्रोत्यांना सहसा माहीत नसते.

या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली, आणि हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना या ‘बातम्या नव्हेत’ असे ठरवले. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे निवेदक सांगू शकतो. का येणार नाही, हे विचारायला गेला की ती बातमी होते. गावातली सर्वांत जवळची वाहिनी गावातल्या घडामोडींवर मुकी, असा हा विचित्र प्रकार आहे.

सामुदायिक रेडिओची वाट शिक्षणसंस्थांमधून गेली. २००२ च्या अखेरीस त्यांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ याच वाटेने आली. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडले. प्रभावी क्षमता १०० वॅट, मनोरा ३० मीटर. एवढ्यात १०-१५ किलोमीटरचा टापू ऐकतो. तेलंगणातल्या माचनूरचा ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाला. तो दलित स्त्रिया चालवतात. त्यांचा स्टुडिओ युनेस्कोच्या मदतीने कित्येक वर्षे आधीच तयार होता, पण परवाना नव्हता. तोवर त्या कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करत आणि गावोगावच्या बैठकांत टेपरेकॉर्डरवर ऐकवत. त्याच वर्षी माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ९०.४ वर सुरू झाले.

अलीकडे ‘स्थानिक’ हा शब्द सैल झाला आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी आकाशवाणीची १०० वॅटची ९१ प्रक्षेपण केंद्रे एकाच दिवशी सुरू करण्यात आली. अशा केंद्रांचा पल्ला स्थानिक असला, तरी त्यांवर वाजते ते मुख्यतः दुसरीकडून आलेले सहक्षेपण. मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. वायर गेली तसा अनेक फोनांतून रेडिओही गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी एफएम नसलेल्या २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत बार्शी, लातूर, मालेगाव आणि गोंदिया आहेत.