कुबरनेटिसमधील आयपी पत्त्यांचे वाटप

अनेक संगणकांच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या समूहात, कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या सामग्रीसह बांधलेले प्रोग्राम) सतत सुरू होतात आणि बंद पडतात. त्यांना नेटवर्कवर कोणते पत्ते द्यायचे, कोणत्या साठ्यातून द्यायचे आणि ते परत कसे घ्यायचे, याची आखणी म्हणजे आयपी वाटपाची रचना. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीत ती क्लस्टर उभारतानाच करावी लागते.

गूगलच्या बोर्ग या आधीच्या अंतर्गत प्रणालीत एका यंत्रावरची सगळी कामे त्या यंत्राचाच पत्ता वापरत. साहजिकच पोर्टही, म्हणजे एकाच पत्त्यावरचे प्रोग्राम वेगळे ओळखणारे क्रमांकही, मोजूनमापून वाटावे लागत. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या साधनाच्या नेहमीच्या पद्धतीत कंटेनरला त्या यंत्रापुरता खासगी पत्ता मिळतो आणि बाहेरून पोहोचण्यासाठी यंत्राचा एखादा पोर्ट त्याला जोडून द्यावा लागतो. गूगलने २०१४ मध्ये ओपन सोर्स केलेल्या कुबरनेटिसने ही कटकट मुळातच काढून टाकली. इथे प्रत्येक पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरांच्या गटाला, स्वतःचा पत्ता असतो आणि कोणत्याही नोडवरचा (क्लस्टरमधल्या यंत्रावरचा) पॉड दुसऱ्या पॉडशी नॅटशिवाय, म्हणजे वाटेत पत्ता न बदलता, थेट बोलू शकतो. एका पॉडमधले कंटेनर मात्र एकच पत्ता वापरतात. त्यामुळे एकाच नोडवरचे दहा वेब सर्व्हर आपापल्या पॉडमध्ये ८० क्रमांकाच्या पोर्टवर खुशाल चालतात.

या सोयीची किंमत पत्त्यांच्या संख्येत मोजावी लागते. समजा, पॉडसाठी १०.२४४.०.०/१६ ही रेंज ठेवली. तिच्यात ६५,५३६ पत्ते बसतात (तिरप्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितकी रेंज लहान). वरवर पाहता भरपूर. पण कुबरनेटिसचा कंट्रोलर प्रत्येक नोडला त्यातला /२४ चा, म्हणजे २५६ पत्त्यांचा तुकडा देतो, म्हणून क्लस्टर २५६ नोडवर अडतो. पुढचा नोड क्लस्टरमध्ये दाखल होतो, पण त्याच्या वाट्याला रेंजच उरलेली नसते. दुसरीकडे, नोडवर पॉडची नेहमीची मर्यादा ११० असल्याने निम्म्याहून अधिक पत्ते रिकामे राहतात. ही निव्वळ उधळपट्टी नव्हे. नुकताच सुटलेला पत्ता लगेच दुसऱ्या पॉडला दिला, तर जुन्या पॉडसाठी निघालेली डेटाची पाकिटे नव्याच्या दारात येतात. मोठ्या क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडला /२५ चा, म्हणजे १२८ पत्त्यांचा तुकडा दिला तर ५१२ नोड बसतात आणि ११० पॉडही मावतात, मात्र मोकळी जागा फार उरत नाही.

नोडवर प्रत्यक्ष वाटप सीएनआय प्लगिन, म्हणजे पॉडना नेटवर्कशी जोडणारे छोटे प्रोग्राम, करतात. त्यांतला होस्ट-लोकल हा सर्वांत साधा: दिलेल्या प्रत्येक पत्त्याच्या नावाची एक छोटी फाइल तो डिस्कवर ठेवतो आणि पॉड गेला की पुसतो. नोड अचानक बंद पडला तर या फाइली तशाच मागे राहू शकतात. मग पॉड मोजके असूनही ‘पत्ते शिल्लक नाहीत’ अशी तक्रार येते. कॅलिको या प्लगिनची तऱ्हा वेगळी आहे. तो ६४ पत्त्यांचे गट करतो आणि गरज पडेल तसे नोडला देतो. ॲमेझॉनचा प्लगिन पॉडला थेट व्हीपीसीतलेच, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या ग्राहकाच्या खासगी नेटवर्कमधलेच, पत्ते देतो. तिथे यंत्राच्या नेटवर्क कार्डांची क्षमता आड येते, एम५.लार्ज प्रकारच्या यंत्रावर नेहमीच्या मांडणीत २९ पॉडच बसतात.

सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे रेंज एकमेकींवर येणे. कार्यालयाच्या व्हीपीएनवर १०.२४४ने सुरू होणारे पत्ते असतील, तर पॉडकडून त्यांच्याकडे निघालेली पाकिटे क्लस्टरमध्येच अडकतात. नंतर पॉडची रेंज बदलणे इतके किचकट, की पुष्कळदा नवा क्लस्टर उभारणेच परवडते. म्हणून आखणी करताना नेटवर्क विभागाला आधी विचारलेले बरे.

पॉडचे पत्ते अल्पायुषी असल्याने प्रोग्रामनी ते लक्षात ठेवायचे नसतात. त्यासाठी सर्व्हिसला, म्हणजे एकच काम करणाऱ्या पॉडच्या सामाईक प्रवेशद्वाराला, वेगळ्या रेंजमधला स्थिर पत्ता मिळतो. क्लस्टर उभारणाऱ्या क्यूबएडीएम या साधनात ती रेंज मुळात १०.९६.०.०/१२ असते. हा पत्ता आभासी असतो. त्याकडे आलेली जोडणी नोडवरच्या क्यूब-प्रॉक्सी या प्रोग्रामने लिहिलेले नियम एखाद्या जिवंत पॉडकडे वळवतात.

आयपीव्ही४ (वर पाहिलेल्या पत्त्यांची पद्धत) आणि कितीतरी अधिक पत्ते असलेली आयपीव्ही६ एकत्र चालवण्याची सोय कुबरनेटिसच्या १.२३ या आवृत्तीत, डिसेंबर २०२१ मध्ये, स्थिर झाली. आयपीव्ही६ मध्ये नोडला मुळातच /६४ मिळतो, त्यामुळे टंचाईचा प्रश्न उरत नाही. पण बाहेरच्या अनेक सेवा अजून आयपीव्ही४वरच आहेत, म्हणून वरचे गणित बहुतेक क्लस्टरांना अजूनही मांडावे लागते.