बाजूच्या छोट्या चाकांनी तोल येत नाही

मुलाच्या सायकलला बाजूची छोटी चाकं लावली की तोल आपोआप येतो, हा समज चुकीचा आहे. सायकल कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. ही चाकं तिला कलूच देत नाहीत. मूल फक्त पेडल मारायला शिकतं.

त्याऐवजी १५ नंबरच्या पान्याने पेडलच काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. इथेच उलटा जोर लावून आटे खराब होतात. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. पायांनी ढकलत, मग पाय उचलून मूल चार-पाच मीटर जाऊ लागलं की पेडल परत बसवा. आधार द्यायचा तर काखेत द्या, हँडल मात्र कधीही धरू नका.