व्हॉल्व्ह रेडिओ मुका झाला म्हणजे व्हॉल्व्ह गेले, असे नाही

नागपुरात महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत माळ्यावर पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओंविषयी (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणाऱ्या जुन्या रेडिओंविषयी) एक समज पक्का आहे: व्हॉल्व्ह गेले, ते आता मिळत नाहीत, म्हणून रेडिओ भंगारात द्यावा. हा समज चुकीचा आहे. चांगला व्हॉल्व्ह हजारो तास चालतो. आधी खराब होतात ते मेण लावलेले कागदी कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) आणि फिल्टरचे, म्हणजे वीजपुरवठा सुरळीत करणारे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर.

महालातल्या एका घरातला संच मी उघडला, तेव्हा कंडेन्सरचे मेण वितळून चासिसवर (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर) थिजलेले होते. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीला) जोडलेला कंडेन्सर गळू लागला, म्हणजे त्यातून वीज झिरपू लागली, की आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडचा (धन टोकाचा) धन दाब, म्हणजे व्होल्टेज, ग्रिडवर येतो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढून तापतो आणि आवाज फाटतो. दोष मात्र व्हॉल्व्हवर जातो. तो कंडेन्सर बदलताच आवाज मोकळा झाला, व्हॉल्व्ह सगळे जुनेच राहिले. सतत घुमणारा गुंजारव असेल, तर प्रथम फिल्टर कंडेन्सर तपासावा.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट प्लगला लावू नये. 60 वॅटचा साधा तारेचा बल्ब संचासोबत सिरीजमध्ये (वीज आधी बल्बमधून मग संचात जाईल असा) जोडावा. तो प्रखर पेटूनच राहिला, तर आत शॉर्ट आहे. आत 200 व्होल्टांहून अधिक डीसी दाब असतो आणि काही संचांत चासिसच मेनला, म्हणजे घरातल्या विजेच्या लाइनला, जोडलेली असते, म्हणून अननुभवी माणसाने हात घालू नये.